ज्याचं नाव घेतलं, तो बांधला गेला
गोव्यातल्या साष्टीवरच्या एका अद्भुत-ऐतिहासिक कादंबरीचा प्रकरण अभ्यास

इथं अभ्यासाला घेतलेली संहिता अप्रकाशित आहे. तिच्यातली पात्रं आणि साळ नदीकाठचा गाव काल्पनिक आहे. काळ, कायदे, कचेऱ्या आणि भरती-ओहोटी खरी. कैद, सूड आणि निष्ठा ही तीन सूत्रं लेखकानं पहिल्यापासून ठरवून घेतली होती. तरीही 46 प्रकरणांच्या आणि सव्वा लाख शब्दांच्या पहिल्या खर्ड्यात ती एकमेकांना चिकटत नव्हती. कैदेची 14 प्रकरणं एका जागी, सुडाची सहा शेवटी आणि निष्ठा सगळीकडे संवादांत पेरलेली. वाचून झाल्यावर तीन वेगवेगळ्या कादंबऱ्या वाचल्यासारखं वाटे. दुरुस्ती कुठं केली आणि का, एवढाच या लेखाचा विषय.

कथा

1583. विठूचा बाप रामा तारी म्हणजे होडी चालवणारा; गावकार, म्हणजे गावच्या जमिनीचा वंशपरंपरागत हक्कदार, नव्हे. तो असोळण्याच्या किल्ल्यावर नारळ-तांदूळ पोचवायला गेलेला असताना कुंकळ्ळीच्या गावकारांची कत्तल होते. रामा ती पाहतो म्हणून मारला जातो. आई आधीच वारलेली. विठू सतरा वर्षांचा, बहीण लक्षी तेरा. लक्षीला अनाथ म्हणून नेतात, बाप्तिस्मा देतात, ती मारिया होते. तिला नेणाऱ्या शिपायावर विठू हात उगारतो आणि गलबतावर वल्हं मारायची शिक्षा भोगतो. सुटून आल्यावर तो गावच्या सीमेवरच्या देवचाराला, म्हणजे राखणदाराला, हाक घालतो आणि किल्ल्याच्या कप्तानाचा सूड घेतो. त्या सुडाच्या चौकशीत लक्षी इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, कोठडीत जाते. कप्तानाचा हबशी गुलाम बेंतो या सगळ्यात मध्ये सापडतो.

कथा सशक्त आहे. पण पहिल्या खर्ड्यात विठूच थेट इन्क्विझिशनच्या तुरुंगात होता, देवचार उडत येऊन तुरुंगाचं दार फोडत होता आणि शेवटी समुद्र उसळून किल्ला गिळत होता.

कोणत्या कैदेत कोण

पहिली चूक कायद्याची होती. तिनंच पुढची सगळी गडबड केली.

गोव्यात इन्क्विझिशन 1560 मध्ये आलं. 1774 मध्ये ते बंद झालं, 1778 मध्ये पुन्हा उभं राहिलं आणि 1812 मध्ये कायमचं गेलं. त्याचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर होता: ख्रिस्ती होऊनही जुने आचार पाळणारे, किंवा तसा संशय असलेले. बाप्तिस्मा न झालेल्या माणसावर हात टाकायला त्याला वेगळं निमित्त लागे. धर्मांतरात आडकाठी आणणं, बंदी असलेले विधी करणं, असं काहीतरी. शिपायाला मारणारा हिंदू पोर राजसत्तेच्या न्यायालयापुढे जाणार, आणि तिथली नेहमीची शिक्षा म्हणजे गलबत किंवा सक्तीची मजुरी. दारूगोळ्याच्या कारखान्यातही शिक्षा झालेली माणसं राबत.

एवढं समजल्यावर भाऊ-बहिणीच्या कैदा आपोआप वेगळ्या झाल्या. विठूची कैद उघड्यावरची आहे. साखळी, वल्हं, ऊन, आणि शेजारी बसलेला माणूस. लक्षीची कैद बंद दाराआडची: भिंत, शांतता, आणि समोर बसलेला लेखनिक. एकाला श्रमानं मोडायचं आहे, दुसरीला बोलतं करायचं आहे. पहिल्या खर्ड्यात दोन्ही गोष्टी विठूच्याच अंगावर होत्या, म्हणून 14 प्रकरणं लागत होती. आता विठूला चार पुरतात आणि लक्षीला पाच.

लक्षी ख्रिस्ती कशी झाली, याचंही उत्तर कायद्यातच मिळतं. आईबाप नसलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती शिक्षण द्यावं, असा पोर्तुगालच्या राजाचा हुकूम 1559 मध्ये निघाला होता. पहिल्या खर्ड्यात एक दुष्ट पाद्री तिला रात्री पळवून नेतो. हुकुमाच्या आधारे भर दिवसा, गावकऱ्यांसमोर, कागद वाचून नेणं कितीतरी भयंकर आहे. पळवून नेणाऱ्याच्या मागं धावता येतं. कागदाच्या मागं कुठं धावायचं? शिवाय बाप मेल्यामुळेच मुलगी जाते. म्हणजे किल्ल्यातली कत्तल आणि कोठडीचं दार ही एकाच दोरीची दोन टोकं झाली.

गलबताच्या प्रकरणांत ऋतूची चूक होती. श्रावणात, भर समुद्रात, वल्ह्यांच्या गलबतांचा पाठलाग. जून ते सप्टेंबर मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आणि खवळलेला समुद्र असतो. गलबतं आत बांधून ठेवलेली असतात. शिक्षा झालेली माणसं त्या काळात किनाऱ्यावरच्या कामाला जुंपली जातात. लेखकानं पाठलाग काढून टाकला आणि विठूचे पावसाळे दारूगोळ्याच्या कारखान्यात नेले. तिथं तो सोरा, गंधक आणि कोळसा चाळायला शिकतो. कादंबरीत याचा पुढं स्फोटासाठी वापर होणार असं वाचकाला वाटतं. तो होत नाही, आणि ते योग्यच आहे. विठूचा सूड दारूगोळ्यानं होणारा नाही.

देवचाराला सीम घातली

गोव्यात देवचार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पेडण्यापासून काणकोणापर्यंत गावच्या सीमेवर त्याचं ठाणं असतं. हातात काठी, अंगावर घोंगडी, रात्री गावाभोवती फेरी. त्याला रोट लागतो, केळी लागतात, विडी आणि सोरो म्हणजे दारू लागते. वाट चुकलेल्याला तो घरी पोचवतो आणि शब्द मोडलेल्याला चकवा घालतो. पुण्या-नाशिकच्या वाचकाला हे सांगायचं तर तळटीप नको. पहिल्याच प्रकरणात रामा तारी संध्याकाळी होडी बांधताना रोट दगडावर ठेवतो आणि मागं न बघता घरी जातो, एवढं पुरतं.

अडचण अशी की पहिल्या खर्ड्यातला देवचार सर्वशक्तिमान होता. तो जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या तुरुंगाचं लोखंडी दार फोडू शकत असेल, तर विठू दोन वर्षं वल्हं का मारतो? अद्भुत कादंबरीत कैदेचं सूत्र इथंच सर्वात जास्त वेळा मरतं. ज्या जादूनं दार उघडतं, ती कैदेला अर्थ उरू देत नाही. म्हणून तीन नियम ठरले. तिन्ही लोकपरंपरेतूनच घेतले, बाहेरून आणले नाहीत.

एक, देवचार गावची सीम ओलांडत नाही. जुन्या गोव्यातल्या कोठडीशी त्याचा संबंध नाही. दोन, तो माणसाला नावानं ओळखतो. जन्मल्यावर आईनं सीमेवर येऊन जे नाव सांगितलं, त्या नावानं. मारिया म्हणून गावात आलेली लक्षी त्याला दिसतच नाही. तीन, त्याला काम सांगायचं तर गाऱ्हाणं घालावं लागतं आणि ते बाराजणांच्या वतीनं घालावं लागतं. एकट्या माणसाचं गाऱ्हाणं तो ऐकतो, पण त्याची किंमत कोणाकडून वसूल करायची हे तोच ठरवतो.

बारा हा आकडा सजावटीचा नाही. कुंकळ्ळीच्या गावकारांचे बारा वांगड, म्हणजे बारा कुळं. आजही फातर्प्याहून शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आपल्या मूळ गावी येते तेव्हा बारा छत्र्या बरोबर असतात. गावाचा आवाज म्हणजे या बारांचा आवाज. 1583 नंतर साष्टीत नेमकं काय तुटलं, तर हा आवाज. पुढारी मारले गेले, जमिनी जप्त झाल्या, माणसं पांगली. देवळं तर 1567 मध्येच पाडली गेली होती आणि देव अंत्रुज महालाकडे (आजचा फोंडा), आदिलशाही हद्दीत, गेले होते. अशा गावात तारीचा पोर उभा राहून बारांच्या वतीनं बोलतो. त्याला तो अधिकार पूर्वीही नव्हता. कादंबरीतला सगळ्यात धोक्याचा क्षण हाच आहे, आणि पहिल्या खर्ड्यात विठू गावकाराचा मुलगा असल्यामुळे तो क्षण नव्हताच! लेखकानं विठूला तारी केलं, आणि त्या एका बदलानं सुडाचं सूत्र उभं राहिलं. त्याची मागणी न्यायाची आहे. वापरलेला आवाज मात्र त्याचा नाही.

खऱ्या घटनेशी वागणूक

15 जुलै 1583 रोजी, म्हणजे सुधारित ग्रेगोरियन गणनेनं 25 जुलैला, कुंकळ्ळीत रुदोल्फो आक्वाविव्हा यांच्यासह पाच जेझुइट मिशनरी मारले गेले. नंतर बोलणी करण्याच्या निमित्तानं कुंकळ्ळीच्या सोळा पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि एक सोडून बाकीच्यांना मारण्यात आलं. त्या एकानं नदीत उडी घेतली आणि तो कारवारकडे निसटला अशी परंपरा आहे.

पहिल्या खर्ड्यात रामा हा सतरावा पुढारी होता. दुसऱ्या एका टिपणात तोच नदीत उडी घेणारा होता. दोन्ही सोडून द्यावं लागलं. त्या सोळांची नावं कुंकळ्ळीत घराघरांना ठाऊक आहेत, गावात त्यांचं स्मारक आहे. तिथं काल्पनिक माणूस घुसवला की गोव्यातला वाचक पुस्तक मिटतो, आणि त्याचं चुकतही नाही. काल्पनिक पात्राची जागा घटनेच्या काठावर असते. रामा भिंतीखाली होडीत बसलेला आहे. त्याला गावच्या गावकारानं सांगितलंय, "बातमी घेऊनच ये." आतून आवाज येतात. त्याला निघून जाता आलं असतं. तो थांबतो, कारण बातमी अजून पुरती कळलेली नाही. निष्ठेचं कादंबरीतलं पहिलं चित्र हेच, आणि तिथं निष्ठा हा शब्द कुठंही नाही. पहिल्या खर्ड्यात हाच रामा मरताना दीड पान बोलत होता.

कप्तानाला लेखकानं नाव दिलेलं नाही. ते तसंच ठेवलं. विठूला त्याचं नाव ठाऊक नाही, म्हणून गाऱ्हाण्यात तो "किल्ल्याचा कप्तान" म्हणतो. आणि 1583 चा कप्तान 1586 मध्ये किल्ल्यावर असेलच असं नाही. नेमणुका मुदतीच्या असत. सूड हुद्द्यावर पडतो, माणसावर नाही. हे विठूला 29 व्या प्रकरणात कळतं. वाचकाला थोडं आधी.

पौर्णिमेची रात्र

या प्रसंगावर सर्वात जास्त काम झालं. उसळणारा समुद्र काढल्यावर तिथं काय ठेवायचं? उत्तर गावाच्या खाजनात होतं.

खाजन म्हणजे खाडीच्या पातळीखालची, बांधानं राखलेली भातजमीन. बांधात मानस असते: लाकडी झडपांचं दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं झडप आपोआप मिटते. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. मानशीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या धारेनं खोल झालेली पोंय असते. खाजनात कोरगूट, आझगो अशी खारं पाणी थोडंफार सोसणारी भातं लावतात. पण थोडंफारच; भरतीचं पाणी पिकात तुंबलं तर तीही जातात, आणि जमिनीतलं मीठ पावसानं धुऊन निघेपर्यंत पुढचं पीकही धड येत नाही.

भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तास बारा मिनिटांचं अंतर. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर तेव्हा पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं. पौर्णिमेला भरतीचा कळस मध्यरात्रीच्या सुमारास येतो, म्हणजे ओहोटीचा तळ तिन्हीसांजेला. पहिल्या खर्ड्यात विठू मध्यरात्री मानस उघडतो. ते शक्य नाही. भरतीच्या दाबाविरुद्ध मिटलेली झडप एका माणसाला उघडत नाही. आता तो तिन्हीसांजेला, पाणी उतरलेलं असताना, मानशीत माडाचा ओंडका अडकवतो. दार मिटू शकत नाही एवढंच त्याचं काम. पुढचे सहा तास पाणी आपल्या गतीनं येत राहतं आणि विठू बांधावर बसून राहतो.

हे सहा तास म्हणजे कादंबरीचं काळीज. कोजागिरीची रात्र आहे, भात कापणीला आलंय, चांदण्यात लोंब्या दिसतायत. ओंडका कोणत्याही क्षणी काढता येईल, निदान पहिल्या दोन तासांत. लेखकानं इथं विठूच्या डोक्यात एकही विचार लिहिलेला नाही. फक्त पाणी कुठवर आलं ते लिहिलंय: पहिल्या कुणग्याचा, म्हणजे भाताच्या तुकड्याचा, बांध, मग दुसऱ्याचा, मग लोंबीच्या देठापर्यंत. दुसऱ्या खर्ड्यातला सर्वात चांगला निर्णय हाच.

कप्तानाची तुकडी बांधावरून येते. गावकरी भात लपवतायत अशी खबर तिला दिलेली असते. देवचाराचं काम एवढंच, की चकवा घालून तुकडीला बांधावरून पोंयीकडे वळवायचं. छातीवर लोखंड आणि पायांत जड जोडे असलेली माणसं चिखलात रुततात. पोहता येणारं कोणी नाही. पुढं मशाल धरून बेंतो आहे.

आता किंमत बघा. गावाचं वर्षाचं पीक गेलं, आणि मानस उघडी ठेवून ते घालवणारा गावाचाच पोर. बेंतो गेला, ज्यानं असोळण्याच्या कोठडीत विठूची साखळी दोन कड्या सैल केली होती. आणि किल्ल्यातली कत्तल करणारा कप्तान कधीच बदली होऊन गेला होता. पहिल्या खर्ड्यात बेंतो वाचतो आणि विठूला मिठी मारतो. तो प्रसंग काढावा, असा आग्रह लेखकाकडे धरावा लागला, कारण बेंतो त्याचा लाडका होता. पण सीमेच्या आतल्या कोणीही बेंतोचं नाव देवचाराला सांगितलेलं नव्हतं. नियम क्रमांक दोन. तो वाचला असता तर नियमच खोटे पडले असते.

नावं

पुढची पाच प्रकरणं लक्षीची. इन्क्विझिशनच्या खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट झाले. आतलं जे तपशीलवार कळतं ते फार करून शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्यामुळे, जो 1674 ते 1676 मध्ये आत होता आणि ज्याचं वर्णन 1687 मध्ये छापलं गेलं. सुमारे दहा फुटी चौकोनी खोली, दोन दारं, उंचावर झरोका, मोठ्यानं बोलायला किंवा रडायलाही बंदी. हे सगळं कादंबरीच्या काळानंतर नव्वद वर्षांनी पाहिलेलं आहे. म्हणून खोलीची मापं आणि दिनक्रम यांचे बारीक तपशील लेखकानं गाळले. चौकशीची पद्धत घेतली, कारण ती या संस्थेची सगळीकडची रीत होती. आरोप सांगत नाहीत. साक्ष कोणी दिली ते सांगत नाहीत. तुला इथं का आणलं ते तूच आठव, म्हणतात. आणि पश्चात्ताप खरा आहे हे दाखवायचं तर बरोबर कोण कोण होतं ते सांगावं लागतं.

म्हणजे तुरुंगालाही नावंच हवीत. सीमेवरच्या देवचारालाही नावंच लागतात. विठूनं अनेकांच्या नावानं एकट्यानं बोलून माणसं बुडवली. लक्षीला अनेकांची नावं सांगून एकटीला सुटायचं आहे. हा सांधा पहिल्या खर्ड्यात अर्धवट होता, लेखकाच्याही लक्षात न आलेला. दुसऱ्या खर्ड्यात तो पुढं आणला आणि तिन्ही सूत्रं त्यावर बसवली.

पहिल्या खर्ड्यातली चौकशी अशी होती: "तुम्ही माझं शरीर कोंडू शकता, पण माझी निष्ठा नाही! मी मरेन, पण माझ्या गावाशी द्रोह करणार नाही!" सोळा वर्षांची मुलगी, दुभाष्यामार्फत, अंधाऱ्या खोलीतून आल्यावर असं बोलत नाही. शिवाय ती असं बोलली की प्रसंग संपला. पुढं फक्त छळ उरतो. दुसरा खर्डा:

"तुला इथं कशाला आणलंय, ठाऊक आहे?" दुभाष्यानं विचारलं.
"ना."
"सीमेवर दिवा लावला त्या रात्री कोण कोण होतं?"
लक्षीनं बोटं मोजायला घेतली. "माझो बापूय, रामा. माझी आवय. आवयची आवय, शेवंती. तिची जाव. नारायण तारी. त्याचा भाव..."
लेखणी भराभर चालली. सात नावं झाल्यावर दुभाष्या थांबला. त्यानं लक्षीकडे पाहिलं, मग मेजाकडे. "सिन्योर, ही सगळी मेलेली माणसं आहेत."
मेजापलीकडचा माणूस रागावला नाही. "पुरलीत कुठं, विचार."
"जाळली," लक्षी म्हणाली.

शेवटचे दोन संवाद इतिहासातून आले. हे न्यायालय मेलेल्यांनाही सोडत नसे. वैद्य गार्सिया द ओर्ता 1568 मध्ये वारला. बारा वर्षांनी, 1580 मध्ये, त्याची हाडं उकरून जाळण्यात आली. मेलेल्यांची नावं सांगितली की कोणाचं काही बिघडत नाही, असं वाचकाला वाटतं, आणि पुढच्याच ओळीत ते खोटं पडतं. आणि त्याच्या पुढच्या ओळीत लक्षी पुन्हा जिंकते, कारण तिच्या माणसांची उकरायला हाडंच नाहीत. चार ओळींत तीन वळणं.

संवादांच्या भाषेबद्दल थोडं. निवेदन मराठीत, आवय, बापूय, भाव हे नात्यांचे शब्द तसेच. अख्खे संवाद कोंकणीत लिहिण्याचा मोह लेखकाला होता. तसं केलं तर दुभाष्याच्या प्रसंगात कोण कोणत्या भाषेत बोलतंय हे धूसर होतं. लक्षीच्या तोंडात घरचे शब्द, दुभाष्याची मराठी कोरडी, पलीकडच्या माणसाची फक्त भाषांतरित. एवढा फरक पुरे.

लक्षी सुटते. पिवळा सांबेनितो, म्हणजे प्रायश्चित्ताचा अंगरखा, घालून, मेणबत्ती धरून मिरवणुकीत चालते, आणि आत पाहिलेलं कोणाला सांगणार नाही अशी शपथ घेऊन बाहेर येते. ही शपथ सुटणाऱ्यांना घ्यावीच लागे. तिनं शेवटी जिवंत माणसाचं नाव घेतलं का? पहिल्या खर्ड्यात उत्तर होतं: नाही, कधीच नाही. आता उत्तर नाही. तिला सांगायची मुभा नाही, आणि गावात तिच्यानंतर दोघांना पकडलं जातं. ते दोघे तिच्यामुळे की दुसऱ्या कोणाच्या साक्षीनं, ते कागद पाहिल्याशिवाय कळणार नाही. निष्ठेचं सूत्र इथं लक्षीकडून सुटून गावाकडे जातं: न सांगू शकणाऱ्या मुलीवर विश्वास ठेवायचा की नाही. पौषात धालोच्या मांडावर बायका हात धरून उभ्या राहतात तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली जाते, तिसऱ्या रात्री एक म्हातारी ती जागा भरते. लेखक इथं आणखी दोन पानं थांबला असता तरी चाललं असतं.

अजून न बसलेलं

दोन गोष्टी उरल्या आहेत.

बेंतोची बाजू अजून पातळ आहे. कैद झालेल्यांत सर्वात जास्त काळ कैदेत असलेला तोच. गोव्याच्या बाजारात तेव्हा आफ्रिकेतून आणलेली माणसं उघड विकली जात. भाऊ-बहिणीला परत जायला गाव आहे, त्याला नाही. कप्तानाशी त्याची निष्ठा आहे का, की दुसरं काही उरलेलंच नाही, हे संहिता विचारत नाही. त्याला किमान एक प्रकरण स्वतःच्या नजरेतून हवं, आणि ते कोजागिरीच्या आधी हवं. नंतर दिलं तर ते मृत्युलेखासारखं वाचलं जाईल. त्यात त्याचं आईनं ठेवलेलं नाव एकदा यावं. बेंतो हे नाव त्यालाही कोणीतरी दिलेलंच आहे.

दुसरं, शेवट. गोव्यात खापरी या नावानं पुजला जाणारा देव आहे आणि त्याचा संबंध हबशी गुलामांशी जोडला जातो. लेखकानं शेवटच्या प्रकरणात बेंतोला सीमेवर खापरी म्हणून बसवलंय आणि गाव त्याला रोट देतं. कल्पना चांगली, पण घाईत आली आहे. गाव तीन पानांत कबूल होतं. ज्या गावाचं पीक बुडालं आणि दोन माणसं पकडली गेली, ते गाव तारीच्या पोराचं ऐकून परक्या माणसाला आपल्या सीमेवर जागा देणार नाही. कौल लावावा लागेल, तो निदान एकदा उलटा पडावा लागेल, आणि बाराजणांपैकी जे उरलेत त्यांनी एकमेकांशी भांडावं लागेल. विठूनं या वेळी बोलायचं नाही. गाऱ्हाणं ज्याचा अधिकार आहे त्यानंच घालायचं, आणि त्यात बेंतोचं खरं नाव घ्यायचं तर ते गावात फक्त विठूला ठाऊक आहे. त्यानं ते कोणाच्या कानात आणि कशाच्या बदल्यात सांगायचं, ते तिसऱ्या खर्ड्यात लिहायचं आहे. त्यासाठी 41 वं आणि 42 वं प्रकरण मोडून नव्यानं बांधावं लागेल. गलबतावरच्या चार प्रकरणांतलं एक कमी केलं तर त्याला लागणारी पानं मोकळी होतात.